शिष्यवृत्ती निधीसाठी लिलाव: मूळ बोली, वस्तूंची संख्या आणि एक जुनं थिओडोलाइट

लेव्हलबुक
भूमापकांच्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात शिष्यवृत्ती निधीसाठी लिलाव ठरला आहे. साधारण १८० जण येतील. दान म्हणून ४४ वस्तू आल्या आहेत: पुढच्या अधिवेशनाची नोंदणी, सॉफ्टवेअरचे परवाने, आता छापली न जाणारी संदर्भपुस्तकं, ट्रायपॉड, आणि लाकडी पेटीसकट एक जुनं पितळी थिओडोलाइट (मोजणीत कोन मोजायचं दुर्बिणीचं उपकरण). बऱ्याचशा वस्तू टेबलावर मांडून बोलीपत्रकांवर मूक लिलाव करायचा आणि मोजक्या पुकारून विकायच्या, असा बेत आहे.
मूळ बोली किती धरावी? ४४ वस्तू जास्त होतात का? थिओडोलाइट घासूनपुसून चकचकीत करायला एक सभासद तयार आहेत, करून घ्यावं का? आणि शेवटी पैसे घेताना गोंधळ होऊ नये म्हणून काय करता येईल?

ओळंबा
थिओडोलाइटला पॉलिश लावू देऊ नका. त्या सभासदांना आजच कळवा. जुन्या पितळेवर लाखेचं रोगण असतं, ते एकदा निघालं की संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. त्याहून मोठं नुकसान वर्तुळाचं, म्हणजे कोन वाचायच्या गोल चकतीचं होतं. अंशांच्या रेघा बऱ्याचदा चांदीच्या पट्टीवर कोरलेल्या असतात. त्या इतक्या बारीक असतात की पॉलिशने झिजतात आणि व्हर्नियर (अंशाचे बारीक भाग वाचायची पट्टी) वाचता येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस्स. दुर्बीण उघडून आत फुंकर मारू नका. जुन्या उपकरणांत क्रॉसवायर (नेम धरायच्या आडव्या-उभ्या तारा) कोळ्याच्या धाग्याच्या असू शकतात, तुटल्या तर बसवून देणारा माणूस शोधावा लागेल.

वर्णनात इतकं हवं: निर्मात्याचं नाव आणि क्रमांक कुठे कोरला आहे, पाणसळीची नळी शाबूत आहे का, बुडबुडा हलतो का, क्लॅम्प (पकड घट्ट करणारे) आणि स्पर्शी (किंचित सरकवणारे) स्क्रू फिरतात का, भिंगात बुरशीचे धागे दिसतात का, पेटीतल्या खाचांपैकी कोणती रिकामी आहे. रिकामी खाच म्हणजे एखादा सुटा भाग हरवलेला असतो, आणि जाणकार पहिल्यांदा तेच बघतो. वजन लिहा. 'जशी आहे तशी' हेही लिहा. हे सगळं फोटोंसह तीन-चार आठवडे आधी सभासदांत फिरवा. बाजारभाव ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती बघा. दोन्हींत बराच फरक असतो.

पुकारा
थिओडोलाइट टेबलावर ठेवू नका, पुकाऱ्यात घ्या. येऊ न शकणाऱ्यांकडून बंद पाकिटात कमाल बोली मागवा आणि नियमांत स्पष्ट लिहा, की त्यांच्या वतीने बोली समोरच्या बोलीच्या एक टप्पा पुढेच नेली जाईल, पाकिटातल्या आकड्यावर थेट उडी मारली जाणार नाही. ही खात्री असली की लोक खरा आकडा लिहितात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या किमतीचा (जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे) जो लिलाव मांडला, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. पाकिटं मात्र पुकारणाऱ्याच्या हाती देऊ नका, तिसऱ्या माणसाकडे ठेवा.

आता मूळ बोली. बाजारभाव १००० असेल तर ३०० ते ५०० च्या मधे सुरुवात करा. ८०० ला सुरू केलं तर पहिला माणूसच पुढे येत नाही, आणि कोरं पत्रक बघून दुसराही हात आखडतो. वाढीचा टप्पा बाजारभावाच्या साधारण ५ ते १० टक्के ठेवा, आणि आकडे पत्रकावर आधीच छापा: ४००, ४५०, ५००. माणसाने समोर फक्त आपला क्रमांक लिहायचा. रकाना मोकळा सोडलात तर कोणीतरी ४०१ लिहितो आणि पुढचा अर्धा तास बोली एकेकाने सरकत राहते.

४४ वस्तू जास्त आहेत. लिलावात अंतिम किंमत ठरते ती हरणाऱ्याच्या ताकदीवर: जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या माणसापेक्षा एकच टप्पा वर जातो. त्याला दुप्पट द्यायचं असलं तरी समोर कोणी नसेल तर वस्तू मूळ बोलीतच जाते. म्हणून प्रत्येक वस्तूमागे निदान तीन इच्छुक डोळ्यांसमोर यायला हवेत. १८० जणांतले बरेच बोलीच लावत नाहीत हे धरून २५ ते ३० वस्तू पुरेत. उरलेल्यांतून जोड्या बांधा, म्हणजे संदर्भपुस्तकं आणि सॉफ्टवेअरचा परवाना मिळून एकच वस्तू. एकसारखे दोन परवाने मात्र शेजारी मांडू नका, एकाची बोली दुसरा खातो.

पुकाऱ्यात सहा-सात वस्तू, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. त्याहून लांबवलं तर सभागृह बोलायला लागतं. सगळ्यात चांगली वस्तू पहिली नको आणि शेवटचीही नको. चौथी ठेवा, आणि तिचा हातोडा पडला की लगेच थेट देणगीचं आवाहन करा. खरा निधी तिथे उभा राहतो, कारण लिलावात हरलेल्या सगळ्यांचे पैसे अजून खिशातच असतात. आकडे वरून खाली घ्या: आधी एका विद्यार्थ्याची वर्षभराची फी, मग सहामाही, मग परीक्षा शुल्क, शेवटी पुस्तकं. खालून वर गेलात तर मोठी रक्कम देऊ शकणारा पहिल्याच पायरीवर हात वर करून मोकळा होतो. वरच्या पायरीवर एक तरी नाव आधी पक्कं करून ठेवा. पहिल्याच आकड्याला शांतता पसरली तर ती पुढेही टिकते. हात वर होतील तसे क्रमांक दोघांनी वेगवेगळे लिहायचे.

खतावणी
पैशांचा गोंधळ शेवटच्या दहा मिनिटांत होत असला तरी त्याचं कारण सुरुवातीला घडलेलं असतं. दारातच प्रत्येकाला क्रमांक द्या आणि त्यासमोर नाव, फोन आणि पैसे कसे देणार ते लिहून घ्या. बोलीपत्रकावर नावं नकोत, फक्त क्रमांक.

मूक लिलावाची टेबलं तीन गटांत विभागून दहा-दहा मिनिटांच्या अंतराने बंद करा आणि पुकारा सुरू होण्याआधी सगळी बंद झालेली असू द्या. बंद करताना स्वयंसेवकाने शेवटच्या बोलीखाली लाल रेघ मारायची, सही करायची, पत्रक उचलायचं. पत्रक टेबलावर राहिलं तर रेघेखालीही आकडे येतात आणि मग वाद. पुकारा चालू असतानाच या पत्रकांचे आकडे क्रमांकवार चढवून घ्या. वस्तू पावती बघूनच द्यायची, आणि ती देणारा माणूस पैसे घेणाऱ्यापेक्षा वेगळा हवा.

लिलावातली रक्कम आणि थेट देणगी यांच्या पावत्या वेगळ्या करा. अनेक देशांत वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्त दिलेला भागच देणगी धरला जातो, म्हणून बाजारभाव पत्रकावर आधीच छापलेला हवा. सोडत काढायचा मोह टाळा, तिला बऱ्याच ठिकाणी वेगळा परवाना लागतो.

लेव्हलबुक
खूप उपयोग झाला. आणखी दोन गोष्टी. एक कंपनी महाग उपकरण द्यायला तयार आहे, पण शिष्यवृत्ती निवड समितीत एक जागा मागते. आणि जमलेल्या रकमेतून तीन वर्षांची शिष्यवृत्ती जाहीर करावी का?

खतावणी
जागा देऊ नका, उपकरण हातचं गेलं तरी चालेल. फलकावर नाव आणि व्यासपीठावरून आभार एवढंच देता येईल, आणि ते लेखी कळवा. निवड समितीतल्यांनी अर्ज तपासताना कोणी किती दिलं याची यादीही बघू नये.

तीन वर्षांची जाहीर करायची तर खर्च वजा जाता तिन्ही वर्षांची रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढा. पुढच्या लिलावाच्या भरवशावर दुसरं वर्ष ठेवलंत आणि तो पडला, तर मधल्या वर्षात विद्यार्थी अडकतो. कायमस्वरूपी निधी करायचा असेल तर वर्षाला ४ टक्के काढायचे असं धरून हिशेब करा: दरवर्षी १०० द्यायचे तर मुद्दल २५०० लागतं. एका लिलावात तेवढं जमलं नाही तर यंदा एक वर्षाचीच जाहीर करा.