बी. ए. सोडू नका ताई, लांबवा

ताई, लष्करातले यजमान फील्ड पोस्टिंगवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी गेले, घरात दोन लहान मुलं, आता इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) बी. ए. सोडून द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. सोडू नका, लांबवा. ३ वर्षांची ही पदवी ६ वर्षांपर्यंत पुरी करता येते. मी तेच केलं.

आमचे हे काश्मीरमध्ये कुपवाड्याला होते तेव्हा मी मुलांना घेऊन साताऱ्यात सासूबाईंजवळ राहत होते. फोन कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून अभ्यासाची वेळ मी पहाटेची ठरवली, साडेचार ते सहा, मुलं उठायच्या आत. धड्यांचे व्हिडिओ रात्रीच मोबाइलवर उतरवून ठेवायचे. मग भाकऱ्या थापतानाही ऐकता यायचे.

असाइनमेंटना ३० टक्के गुण असतात, त्या आधी हातावेगळ्या करा. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, जूनमध्ये नाहीतर डिसेंबरमध्ये. त्या सुमारास सुट्टी मिळेल का, हे मी यांना आधीच विचारून ठेवायची. एकदा ऐनवेळी सुट्टी रद्द झाली, धाकटा तापाने फणफणलेला. दोन पेपर पुढच्या सत्रावर टाकले. त्या रात्री खूप रडले, पण पेपरांसाठी नाही.

सासूबाईंना नक्की विश्वासात घ्या. आमच्या आई सातवी शिकलेल्या, पण पुढच्या परीक्षेला धाकट्याला मांडीवर घेऊन तीन तास केंद्राबाहेर झाडाखाली बसून राहिल्या.