कोपर, बोटांचे सांधे आणि खांद्यामागे खरचटले आहे. पट्टी टिकत नाही

प्रश्न

तीन दिवसांपूर्वी सायकलवरून घसरून पडल्यामुळे माझे उजवे कोपर, त्याच हाताच्या बोटांचे सांधे आणि खांद्याची मागची बाजू बरीच खरचटली आहे. जखमा खोल नाहीत, परंतु वरची त्वचा सोलली गेल्याने त्यांतून लस झिरपत राहते. कोपरावर गॉझ ठेवून चिकटपट्टी लावली की हात दोन-चार वेळा वाकवताच तिची टोके सुटतात आणि बँडेज गुंडाळले तर ते तासाभरात मनगटाकडे घसरते. खांद्यापर्यंत दुसरा हात नीट पोहोचत नाही; रात्री कपडा जखमेला चिकटतो आणि सकाळी तो काढताना धरलेली खपली निघून पुन्हा रक्त येते. अशा जागा उघड्या ठेवून वाळू द्याव्यात, की त्या झाकण्याची काही रीत आहे?

प्रतिसाद १

मी परिचारिका आहे आणि हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. जखम वाळू द्यावी हा समज जुना आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने धरते. कारण साधे आहे: कोरड्या खपलीखालून वाट काढण्यापेक्षा ओल्या पृष्ठभागावरून नव्या पेशींना सरकणे सोपे जाते.

प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुवावी. रेतीचे कण राहिले असतील तर ते आताच काढलेले बरे, नाहीतर ते त्वचेखाली कायमचे गोंदल्यासारखे दिसतात. तीन दिवसांनंतर ते घट्ट रुतलेले असतील तर स्वतः खरवडू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावेत. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाळावे, कारण ती द्रव्ये जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतात.

आता कोपराविषयी. आपण बहुधा हात सरळ ठेवून पट्टी लावत असाल. मग हात वाकला की त्वचा ताणली जाते आणि पट्टी मात्र तेवढी ताणत नाही, म्हणून ती उचकटते. हात अर्धा वाकवून मगच पट्टी लावावी. हायड्रोकोलॉइडची (लस शोषून जेलीसारखी होणारी, स्वतःच चिकटणारी) पातळ पट्टी मिळाली तर उत्तम. जखमेच्या चहूबाजूंनी निरोगी त्वचेवर २ ते ३ सेंटिमीटर बसेल एवढी ती घ्यावी, कोपरे कात्रीने गोल करावेत (टोकदार कोपरा कपड्यात अडकून सर्वांत आधी सुटतो), आणि दोन्ही बाजूंच्या कडांना मधोमध छोटी चीर द्यावी, म्हणजे वळणावर पट्टीला सुरकुती न पडता तिचे पदर एकमेकांवर बसतात. त्वचा पूर्ण कोरडी हवी. मलम किंवा तेल लागलेले असेल तर काहीही चिकटणार नाही. लावल्यावर मिनिटभर तळहाताने दाबून धरावे, उबेमुळे ती चांगली धरते. लसीने भरून कडेने गळू लागली नाही तर ती काही दिवस तशीच राहू द्यावी, रोज उघडून पाहण्याचा मोह आवरावा.

बँडेजच वापरायचे असेल तर ते नळीसारखे गुंडाळू नये. हात मनगटाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे असे वेढे खाली सरकणारच. आतल्या गॉझला पेट्रोलियम जेली लावावी. कोपराच्या टोकावर एक वेढा घेऊन मग एक वेढा वर, एक खाली असे इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे घ्यावे, आणि त्यांची फुली कोपराच्या आतल्या खळगीत पडू द्यावी. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती थंड पडली तर लगेच सैल करावे.

बोटांच्या सांध्यांसाठी कापडी चिकटपट्टीच्या दोन्ही टोकांना मधून लांबट चीर द्यावी. मधला गॉझ सांध्यावर ठेवून वरची दोन शेपटे सांध्याच्या वर आणि खालची दोन सांध्याच्या खाली गुंडाळली की बोट मोकळेपणाने वाकते.

जखमेत माती गेली होती आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर आजच डॉक्टरांना विचारावे.

प्रतिसाद २

वरील उत्तराला खांद्यापुरती पुस्ती जोडतो. सायकलवरून मीही कमी वेळा पडलेलो नाही. एकट्याने पाठीमागे पट्टी चिकटवण्याची धडपड करण्याऐवजी न चिकटणाऱ्या मोठ्या पॅडला पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावावा, ते घरच्या कुणाकडून नीट ठेवून घ्यावे आणि त्यावर अंगासरशी बसणारा जुना, स्वच्छ बनियन घालावा. चिकटपट्टीचे काम बनियनच करतो. कपडा तरीही चिकटलाच, तर ओढू नये. कोमट पाण्याने भिजवून पाच-दहा मिनिटे थांबले की तो आपोआप सुटतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. कोपरावरची हायड्रोकोलॉइड पट्टी तीन दिवस टिकली आणि खांद्याला बनियनचा उपाय लागू पडला. मात्र कोपराची पट्टी काढताना खाली पिवळसर, चिकट आणि थोडा वास येणारा द्रव दिसला. जखम चिघळली तर नसेल?

प्रतिसाद १

बहुधा नाही. ही पट्टी लस शोषून घेते तेव्हा तिचाच असा लगदा होतो, आणि पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण त्याला पू समजतो. तो धुऊन टाकावा आणि खालची जागा पाहावी. ती गुलाबी, ओलसर आणि कमी दुखणारी असेल तर नवी पट्टी लावण्यास हरकत नाही. परंतु भोवतीचा लालपणा पसरत असेल, ठणका दिवसेंदिवस वाढत असेल, धुतल्यावरही पू येत असेल किंवा ताप असेल, तर ती जागा बंद पट्टीखाली ठेवू नये आणि डॉक्टरांना दाखवावी. मधुमेह असणाऱ्यांनी तर यांपैकी एकही लक्षण दिसण्याची वाट पाहू नये. पट्टी काढताना वर उचलू नये. एक कड सोडवून ती त्वचेला समांतर ताणत न्यावी, म्हणजे नवी त्वचा सोलली जात नाही.