स्ट्रॉबेरीची वाइन मध्येच थांबली

प्रश्न:
महाबळेश्वरची दोन किलो स्ट्रॉबेरी उकळून, तीत एक किलो साखर व पाणी घालून साडेचार लिटर मिश्रण जानेवारीच्या सुरुवातीस मी काचेच्या बरणीत भरले आणि बेकरीचे यीस्ट घातले. तेव्हा हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणारे उपकरण; साखर जितकी जास्त, तितका आकडा मोठा) १.०९० दिसत होते. आठवडाभर बुडबुडे जोरात आले, मग थांबले. आता आकडा १.०४० वरून हलत नाही, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि वाइन गढूळही आहे. बरणी कोथरूडच्या घरात, बाल्कनीतल्या फरशीवर आहे. बाटल्यांत भरावी की ओतून द्यावी?

उत्तर १:
ओतू नका, आणि बाटल्यांत तर मुळीच भरू नका; साखर अजून बरीच शिल्लक असल्याने उन्हाळ्यात यीस्ट पुन्हा जागे झाले की बाटल्या फुटतील. पुण्यात या दिवसांत रात्री पारा बारा अंशांच्या आसपास उतरतो, आणि तेवढ्या थंडीत यीस्ट गारठून तळाशी बसते. बरणी घरात आणून पाटावर ठेवा, गोधडी गुंडाळा आणि तापमान वीस ते चोवीस अंशांवर राखा. तरीही हालचाल दिसली नाही, तर वाइनचे यीस्ट कोमट साखरपाण्यात फेसाळू द्या आणि त्यात बरणीतली वाइन थोडी थोडी मिसळत जा. एकदम बरणीत ओतलेले यीस्ट तयार अल्कोहोलमध्ये बहुधा तग धरत नाही. अंड्याचा वास बहुतेक वेळा यीस्टच्या नायट्रोजनच्या उपासमारीतून येतो, म्हणून लिटरला अर्धा ग्रॅम डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, नायट्रोजन पुरवणारा क्षार) घाला. मात्र तो खाद्य दर्जाचाच हवा. मार्केट यार्डाजवळच्या खताच्या दुकानातला नव्हे (विचारणारे भेटतात, म्हणून लिहिले).

उत्तर २:
गढूळपणाचे कारण उकळण्यात असावे. फळ शिजले की पेक्टिन सुटते, ज्याच्यामुळे आपला जॅम आळतो. चमचाभर वाइन चार चमचे स्पिरिटमध्ये टाकून पाहा. जेलीसारखे तंतू दिसले तर पेक्टिन तोडणारे पेक्टिनेज एन्झाइम लागेल. तो नमुना लगेच फेकून द्यावा, चाखू नये. पुढच्या वेळी फळ नुसते कुस्करा.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. गोधडीने भागले नाही, नवे यीस्टच लागले. नवव्या दिवशी आकडा १.०१२ वर आला असून वास जवळजवळ गेला आहे. स्पिरिटमध्ये मात्र तंतू स्पष्ट दिसले, त्यामुळे एन्झाइम मागवले आहे.