संध्याकाळी स्कॅन चढवताना वाचन अडतं. डिस्कसाठी रेड कार्ड घ्यावं का? सल्ला हवा

मोडीवाचक (रामबाग, इंदूर)
मंडळी, आम्ही सहा जण मिळून इथल्या जुन्या मराठी घरांतले मोडी कागद स्कॅन करतो. होळकरशाहीतल्या सनदा, वाटणीपत्रं, किराण्याच्या याद्या, जे मिळेल ते. लोक घरबसल्या उघडून वाचतात. एक पान उघडलं की सर्व्हर त्याचे ६० चौकोनी तुकडे पाठवतो. प्रत्येक तुकड्यासाठी डिस्कवरून तीनदा वाचावं लागतं: आधी फाइलचं डोकं (सुरुवातीची माहिती), मग तुकडा कुठे आहे तो तक्ता, मग तुकडा.

मशीनमध्ये दोन साध्या एनव्हीएमई एसएसडी (चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्क) आहेत, लिनक्सच्याच सॉफ्टवेअर रेडने आरसा केलेल्या (रेड-१, म्हणजे दोन्हीवर एकच माल), आणि रॅम ३२ जीबी. दिवसभर पान चटकन उघडतं. संध्याकाळी पाचनंतर दिवसभराचे स्कॅन चढायला लागले की तेच पान दीड-दोन सेकंद घेतं. आमच्याकडच्या एक आजी आपल्या सासऱ्यांचं पत्र अक्षर लावत लावत वाचतात. परवा पान उलटलं तर अर्धं पत्र पांढरंच. त्यांना वाटलं, कागदच फाटलाय. फार वाईट वाटलं मला. दुकानदार म्हणतो, कॅशवालं रेड कार्ड घ्या (डिस्क जोडायचं वेगळं कार्ड, त्यावर स्वतःची वेगवान मेमरी). पैसा वर्गणीचा आहे, म्हणून आधी इथे विचारतोय.

तबकडी
कार्ड घ्याच. आमच्या जुन्या ऑफिसात कार्ड बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारी बंद झाल्या.

फर्मवेअरवाली (विजयनगर, इंदूर)
तबकडीदादा, तुमच्याकडे फिरत्या डिस्क असणार. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला अर्धी फेरी घ्यायलाच सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात, तिथे कार्डावरची कॅश खरंच तारते. इथे फिरणारं काही नाही. मोडीवाचकदादा, वर्गणीचे पैसे त्यात घालू नका.

तुमचं काम पंगतीसारखं आहे. शेवटच्या पानावर वरण-भात पडून तूप वाढेपर्यंत कुणी घास उचलत नाही. तसंच ६० वा तुकडा आल्याशिवाय पत्र पुरं दिसत नाही. वाढपी म्हणजे एसएसडीतल्या फ्लॅशच्या डाय, माल साठवणाऱ्या चिपा. कंट्रोलरला (एसएसडीच्या कारभाऱ्याला) अनेक चॅनेल, म्हणजे वाटा, असतात, प्रत्येक चॅनेलवर अनेक डाय. त्या एकाच वेळी वेगवेगळी वाचनं करू शकतात, पण एखादी डाय लिहिण्यात किंवा पुसण्यात गुंतली की तिच्याकडचं वाचन अडतं. वाचायला साधारण ५० ते १०० मायक्रोसेकंद, लिहायला त्याच्या कित्येक पट, आणि ब्लॉक पुसायला तर काही मिलिसेकंद. चांगला कंट्रोलर पुसणं मध्येच थांबवून वाचन आधी उरकतो, पण ते त्याच्या फर्मवेअरच्या (आतल्या प्रोग्रामच्या) हातात. आपल्या हातात एवढंच, की वाचनं एकदम पाठवायची म्हणजे सगळे वाढपी कामाला लागतील, आणि त्याच वेळी लिहिण्याचा लोंढा येऊ द्यायचा नाही.

संध्याकाळी ‘आयोस्टॅट’ (डिस्कचे आकडे दाखवणारी लिनक्सची आज्ञा) लावून वाचनाचा सरासरी वेळ आणि रांगेची लांबी (एका वेळी किती मागण्या डिस्ककडे आहेत) बघा. ‘युटिल’चा (डिस्क किती वेळ कामात आहे त्याचा) १०० टक्के आकडा बघून घाबरू नका. एसएसडी एकाच वेळी अनेक कामं करते, त्यामुळे १०० टक्के म्हणजे डिस्क भरली असं होत नाही.

मोडीवाचक
ताई, बघितलं. दुपारी एका वाचनाला ०.०९ मिलिसेकंद, संध्याकाळी ९. पण वाचनाची रांग दोन्ही वेळा एकच्या वर जातच नाही!

फर्मवेअरवाली
सापडलं मग. तुमचा प्रोग्राम एक वाचन संपल्याशिवाय दुसरं मागतच नाही. ६० तुकडे, तीन-तीन वाचनं, म्हणजे १८०. दुपारी १८० × ०.०९ म्हणजे १६ मिलिसेकंद, कुणाला कळतही नाही. संध्याकाळी १८० × ९, म्हणजे १.६ सेकंद. आजींचं पांढरं पान ते हेच.

आणि आरशाचा फायदाही तुम्हाला मिळत नाहीये. रेड-१ मध्ये लिनक्स ज्या एसएसडीवर कमी कामं बाकी आहेत तिच्याकडे वाचन पाठवतं. एका वेळी एकच वाचन असलं तर वाटायचं काय? लिहिणं मात्र दोन्हीकडे होतंच.

रांगेतला
मग एकदम २५६ वाचनं सोडा की. एनव्हीएमईला हजारोंच्या रांगा चालतात.

फर्मवेअरवाली
रांगेला जागा आहे म्हणून ती भरायची नसते. रांगेची लांबी भागिले दर सेकंदाची वाचनं, म्हणजे प्रत्येकाची वाट बघण्याची वेळ. एक लाख चाळीस हजार वाचनं सेकंदाला होत असतील तर १६ च्या रांगेत ११४ मायक्रोसेकंद. वेग तिथेच अडला आणि रांग २५६ केली, तर १.८ मिलिसेकंद, आणि जास्तीचं काम काहीच नाही. ‘एफआयओ’ने (डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) १, ४, १६, ६४ अशी रांग वाढवत मोजा. वेग वाढायचा थांबतो त्याच्या जरा अलीकडे थांबा. सरासरीऐवजी ९९ व्या शतमानाचा आकडा (शंभरातली नव्व्याण्णव वाचनं ज्याच्या आत उरकतात तो) धरा. शंभरात एक वाचन उशिरा येतं असं मानलं तरी ६० तुकड्यांत निदान एक उशिरा येण्याची शक्यता ४५ टक्के आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या पंगतीत कुणीतरी भातासाठी खोळंबणार.

लिहिण्याचं असं करा. लिनक्स लिहायचा माल आधी रॅममध्ये साठवतं आणि मोकळ्या रॅमच्या साधारण १० टक्के झाला की डिस्ककडे लोटायला लागतं. तुमच्याकडे तो तीन जीबीच्या आसपास भरेल. ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ (ही लोटायची मर्यादा) ६४ एमबी करा, म्हणजे धार बारीक राहील. स्कॅन चढवणाऱ्या आरसिंकला (फाइली पाठवणारा प्रोग्राम) बँडविड्थची मर्यादा घाला. शेड्यूलर (डिस्ककडे कोणतं काम आधी पाठवायचं हे ठरवणारा लिनक्सचा भाग) बहुधा ‘नन’, म्हणजे कुठलाच नाही, असा असेल, तो बदलून ‘कायबर’ लावा. त्याचं ठरलेलं लक्ष्य वाचनाला २ मिलिसेकंद, लिहिण्याला १०. वाचन मागे पडलं की तो लिहिणं आवरतो. शेड्यूलर आरशावर नाही, दोन्ही एसएसडींवर लावायचा. ‘आयओनाइस’ (प्रोग्रामचं डिस्कवरचं महत्त्व कमी-जास्त करणारी आज्ञा) हे ‘नन’वर काहीच करत नाही, त्यात वेळ घालवू नका.

मोडीवाचक
ताई, चार दिवस लागले. प्रोग्राम आता १६ वाचनं एकदम सोडतो, आणि फाइलचं डोकं नि तक्ता पानागणिक एकदाच वाचून रॅममध्ये धरतो (हे आमच्या अकरावीतल्या मुलानं सुचवलं). बाकी तुम्ही म्हणालात तसं. काल संध्याकाळी सहाला, स्कॅन चढत असताना, वाचनाला १.१ मिलिसेकंद. पान टिचकी मारताच पुरं. स्कॅन चढायला वीस मिनिटं जास्त लागतात, त्याची कुणाला घाई नाही. कार्ड घेतलं नाही. त्या पैशात मोठ्या आकाराचे कागद ठेवायला आम्लमुक्त फोल्डर घेतले.

अजून अधूनमधून एखादं पान क्षणभर अडतं.

फर्मवेअरवाली
अकरावीतल्या मुलाला माझी शाबासकी सांगा, तो बदल माझ्या सगळ्या सल्ल्याइतका मोलाचा आहे. आता आठवड्याचं ट्रिम चालू आहे का बघा. पुसलेल्या फाइलींची जागा रिकामी आहे हे एसएसडीला कळलं नाही तर ती निरुपयोगी डेटाही इकडून तिकडे हलवत बसते, आणि तेव्हाच वाचन अडकतं.

मोडीवाचक
बंद होतं. आत्ता चालू केलं.