युद्धात मोडलेलं पॉलिहाऊस परत उभं करायचंय (मिकोलाइव-खेरसोन), 40 तयार किट घ्यावेत का?

पानमळा: नमस्कार मंडळी, मी युक्रेनमध्ये मिकोलाइवला एका छोट्या मदत गटाबरोबर काम करतेय. स्निहुरिव्काच्या आसपासची आणि खेरसोन भागातली द्निप्रो नदीच्या उजव्या काठाची गावं मार्च ते नोव्हेंबर 2022 रशियन सैन्याच्या ताब्यात होती. इथं घराच्या मागं छोटं हरितगृह आणि त्यात लवकरचा टोमॅटो-काकडी ही घरोघरची कमाई, आता कुठं नुसते वाकलेले पाइप उभेत, कुठं काचेचा चुरा, कुठं तेही नाही. आमच्याकडं 40 कुटुंबांपुरते पैसे आहेत आणि गटातले सगळे म्हणतायत की तयार किट मागवू, सांगाडा, पेपर (वर ताणायचं प्लॅस्टिक), ठिबक, बियाणं सगळं एकत्र. मी शेतीची पदवी घेतलीय पण असं काम कधी केलं नाही आणि मनात कुठंतरी खटकतंय. कसं करावं?

वाफसा: ताई, किट राहू दे बाजूला, आधी जमीन सुरुंग-स्फोटकांपासून मोकळी झालीय का ते सांग. खांबाला अर्धा मीटर खोल खड्डा घ्यावा लागतो आणि "वरून तपासलं" म्हणजे खोलवर तपासलं असं नसतं हे डोक्यात ठेव. अजून एक, जुने वाकलेले पाइप आणि तारा उचलायची घाई कुणाला करू देऊ नका. माणसांना वाटतं पसारा आवरू मग सुरुंग काढणारे येतील, पण त्या पसाऱ्याखालीच काहीतरी असू शकतं. उलट बाजूनं बघितलं तर जमिनीत लोखंडाचे तुकडे जितके जास्त तितकं डिटेक्टर जागोजागी वाजतं आणि त्यांचं काम रखडतं, म्हणून जुनं हरितगृह होतं तिथं वेळ जास्त लागणार असं धरूनच चाला. काही संशयास्पद दिसलं तर हात न लावता मागं फिरायचं आणि 101 ला (तिथल्या आपत्कालीन सेवेला) कळवायचं, हे 40 घरांतल्या पोरांनासुद्धा सांगा.

पानमळा: 40 पैकी 26 अंगणं तपासून झालीत, बाकीची रांगेत आहेत. आणि पाण्याचं वेगळंच दुखणं आहे, काही विहिरी आटल्यात, काहींचं पाणी खारट लागतं.

ठिबकवाला_सुहास: मग खरा प्रश्न पाण्याचाच आहे बघा. 6 जून 2023 ला द्निप्रोवरचं काखोव्काचं धरण फुटलं तेव्हा खालच्या गावांत पूर आला आणि वरचा जलाशय रिकामा झाला, त्यावर चालणारं सिंचन गेलं ते गेलंच. ऑर्डर द्यायच्या आधी प्रत्येक घरच्या पाण्याचा ईसी (खारेपणाचं माप) मोजा, मीटर स्वस्तात मिळतो. पाण्याचा ईसी 1.7 dS/m च्या पुढं गेला की टोमॅटो आणि काकडी दोन्हीचं उत्पन्न घटायला लागतं, मुळा तर 0.8 ला आणि घेवडा-गाजर त्याहून आधीच कुरकुरतात, बीट मात्र 2.7 पर्यंत सोसतं. म्हणजे सगळ्यांना एकच बियाण्याचं पाकीट दिलंत तर काही घरांत ते उगवूनही फुकट जाणार.

दुसरं म्हणजे तयार किटमधलं ठिबक. वीज कधी जाईल सांगता येत नाही, पंपावर भरवसा ठेवू नका, 1000 लिटरची टाकी दीड-दोन मीटर उंचीवर ठेवून उतारानं पाणी द्या. पण किटमध्ये बऱ्याचदा प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब कमीजास्त झाला तरी सारखं पाणी सोडणारे) येतात, ते एवढ्या कमी दाबावर नीट चालतच नाहीत. साधे ड्रिपर, आखूड लॅटरल (ड्रिपरच्या नळ्या) आणि चांगला फिल्टर मागा. पेपर 200 मायक्रॉन यूव्हीवालाच, साधा प्लॅस्टिक एका हंगामात चुरा होतो. सोबत जास्तीचा पेपर आणि तो सांगाड्याला अडकवायची झिगझॅग स्प्रिंग द्या, कारण जवळ स्फोट झाला तर पेपर फाटतो पण तासाभरात बदलता येतो, काच मात्र अंगावर येते आणि वर्षानुवर्षं मातीत सापडत राहते. जिथं काच किंवा पुराचा गाळ आहे तिथं थेट जमिनीत लावूच नका, मातीची तपासणी होईपर्यंत ग्रो बॅग (रोप लावायच्या पिशव्या) वापरा.

मंगलकाकू: पोरी, त्या बायकांना विचारलंस का त्यांना काय हवंय? वीस वर्षं टोमॅटो काढणाऱ्या बाईला वाण तू निवडून द्यायचा म्हणजे कसं. तिला कूपन दे, बियाणं तिचं ती घेईल. आणि तारीख पाळ गं, बाकी सगळं मागंपुढं झालं तरी चालतं. गरम न करता दुहेरी पेपरखाली एप्रिलच्या सुरुवातीला रोप लावायचं तर बी मार्चच्या आरंभी पडायला हवं, म्हणजे पेपर फेब्रुवारीत घरात पाहिजे. मे महिन्यात आलेला पेपर कोपऱ्यात पडून राहतो आणि त्या घराचा हंगाम जातो. पहिल्या वर्षी काकडीच धर, परागीभवन न लागणारी, मधमाशी असो नसो फळ धरते आणि लवकर हातात पैसा येतो.

वाफसा: काकूंशी सहमत. त्यांची नावं स्टेट अ‍ॅग्रेरियन रजिस्टरमध्ये (युक्रेनच्या सरकारी शेतकरी नोंदवहीत) आहेत का तेही बघ, नसतील तर फॉर्म भरायला बसा त्यांच्यासोबत, पुढची बरीच मदत त्यातूनच वाटली जाते. सरकारचं हरितगृहाचं अनुदान आहे पण ते मोठ्या क्षेत्रासाठी, अंगणातल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

पानमळा: किटची ऑर्डर आज थांबवली. उद्यापासून ईसी मीटर घेऊन 26 घरं फिरतेय, प्रत्येकीला वाण विचारून लिहून घेणार, पेपर आणि स्प्रिंग मात्र लगेच मागवते म्हणजे फेब्रुवारी चुकणार नाही. सुहासदादा, 6 बाय 12 मीटरच्या हरितगृहाला एक टाकी पुरेल का दोन लागतील?

ठिबकवाला_सुहास: एप्रिलमध्ये एक पुरते, जूनच्या उन्हात काकडी भरात आली की रोज भरावी लागेल. विहीर बारीक असेल तर दोनच घ्या, रात्रभर हळूहळू भरून ठेवता येतात.