दर, उधारी आणि कायद्याचे निरोप इन्फोग्राफिकमधून देऊ नयेत. तुमचं मत काय?

वसुलीवाली, लोहार चाळ
विजेच्या सामानाच्या घाऊक धंद्यात वसुली बघते. हल्ली आमच्या लाइनमध्ये कुठलंही परिपत्रक आलं की त्याचं रंगीत इन्फोग्राफिक करून डीलरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची पद्धत पडली आहे. नव्या मालाची ओळख, गोडाऊनचे नियम, सुट्ट्यांची यादी यांना माझी हरकत नाही. पैशाचा निरोप मात्र चित्रात नको.

उदाहरण देते. १९६१च्या आयकर कायद्यातलं ४३ बी (एच) हे कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी मिळतो. तेव्हा बाजारात एक चित्र फिरलं: मोठं घड्याळ, मध्ये ४५ चा आकडा आणि खाली 'एवढ्या दिवसांत पैसे द्या'. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच, हे त्यात नव्हतं. करारात ३० दिवस लिहिले असतील तर ३०च धरायचे, ४५ ही कमाल मर्यादा, हेही नव्हतं. मध्यम उद्योगांच्या आणि निव्वळ व्यापाऱ्यांच्या बिलांना हे कलम लागू नाही, याचा तर पत्ताच नव्हता. परिणाम असा की ज्यांचा या कलमाशी संबंध नाही असे व्यापारी मार्चअखेर '४५ दिवसांत पैसे द्या' म्हणून अडून बसले आणि ज्यांना १५ दिवसांत पैसे मागता आले असते ते छोटे उत्पादक गप्प राहिले. त्यांचं खेळतं भांडवल अडकलं. एका चित्रापायी असं व्हावं याचा मला खरोखर राग आहे.

डिझाइनवाली, दादर
ताई, राग रास्त आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी काढताय. घड्याळ काढणाऱ्याने अटी छाटल्या. त्याने चार ओळींचा मेसेज लिहिला असता तरी त्याच अटी छाटल्या असत्या.

उलट तुम्ही सांगितलेलं कलम चित्रासाठीच योग्य आहे, कारण त्यात 'असेल तर' आणि 'नसेल तर' भरलेलं आहे. पहिला प्रश्न: पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु आहे का? नसेल तर विषय संपला. असेल तर दुसरा: तो माल बनवतो किंवा सेवा देतो, की नुसता व्यापारी? व्यापारी असेल तर पुन्हा विषय संपला. तिसरा: लेखी करार आहे का? नाही, तर १५ दिवस. आहे, तर करारात असतील तेवढे, पण ४५ च्या वर नाही. तीन चौकटी, सहा बाण, ए-४ कागदाच्या अर्ध्या पानात बसतं. हेच परिच्छेदात लिहा, वाचणारा दुसऱ्या 'परंतु'पाशी थांबेल.

आणि गंभीर विषय चित्रात नको, हे मला मुळातच मान्य नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंची गोल आकृती काढली. टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले मृत्यू निळे, जखमांचे लाल, इतर कारणांचे काळे. निळा भाग एवढा पसरलेला की सैनिक लढाईपेक्षा घाणीने मरत होते हे झटकन कळतं. कोष्टकं सरकारी माणसं वाचणार नाहीत हे ओळखून तिने हे केलं. माणसांच्या जिवाचा निरोप चित्रात देता येतो, तर तुमच्या बिलाचा का नाही?

वसुलीवाली, लोहार चाळ
नाइटिंगेलबाईंच्या आकृतीमागे आकड्यांचा भक्कम अहवाल होता, आणि त्यांना सरकारला हलवायचं होतं. मला डीलरला हलवायचं नाही. उद्या वाद झाला तर 'अमुक तारखेला अमुक अट कळवली' हे दाखवायचं आहे. तुमचा तीन चौकटींचा नकाशा उत्तम आहे, हे मनापासून म्हणते. पण तो फॉरवर्ड होत होत वर्षाने कुणाच्या हाती पडेल, आणि तोवर नियम बदललेला असेल. मेसेजमधला मजकूर शोधता येतो. बाजारात सुटलेला फोटो परत बोलावता येत नाही.

काउंटरवरून, नागदेवी
मी दुकानदार. तुमच्या कंपन्यांची तीन-तीन पानी पीडीएफ येतात, ती आमच्याकडे कुणी उघडत नाही, हे स्पष्ट सांगतो. सकाळी दहाला शटर वर गेलं की संध्याकाळपर्यंत हातात बोल्ट नाहीतर फोन. पाच पेट्यांना किती सूट, दहाला किती, वीसला किती हे एका चित्रात आलं की पोऱ्या त्याची प्रिंट काढून काचेवर चिकटवतो, आणि मी नसलो तरी गिऱ्हाइकाला बरोबर भाव सांगतो. ताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे बंद झालं तर त्रास आम्हाला होईल. तारीख नसते ही तक्रार खरी. मग 'कधीपासून कधीपर्यंत' हे चित्रावरच ठळक छापा ना. त्यासाठी चित्रच बंद कशाला?

खातेवही, बोरिवली
मी वसुलीवाल्या ताईंच्या बाजूने, आणि त्यांच्याही एक पाऊल पुढे. विक्री ९६ कोटींवरून १०० कोटींवर गेली, म्हणजे वाढ जेमतेम चार टक्के. आता खांबांचा तक्ता शून्याऐवजी ९५ पासून सुरू करा. पहिला खांब एक बोट, दुसरा पाच बोटं. आकडे खरे, तरी बघणाऱ्याच्या मनात धंदा पाचपट. वर्तुळांचंही तेच: दुप्पट दाखवायचं म्हणून त्रिज्या दुप्पट करतात आणि क्षेत्रफळ चौपट होतं. असे तक्ते गुंतवणूकदारांपुढे ठेवले जातात. वाक्यात खोटं लिहिलं तर पकडता येतं, इथे पकडायचं कुणाला?

डिझाइनवाली, दादर
पकडायचं तक्ता काढणाऱ्याला, अगदी नाव घेऊन. खांब शून्यापासूनच सुरू व्हायला हवा, यात मतभेदाला जागाच नाही. कुठली आकृती डोळ्याला फसवते याचाही अभ्यास झालेला आहे. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये तपासून दाखवलं की एकाच पट्टीवरची उंची माणूस सर्वांत अचूक वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ यांत जास्त चुकतो. म्हणून मी पाय चार्ट, म्हणजे वर्तुळाचे काप दाखवणारा तक्ता, जवळपास वापरतच नाही. खोटा ताळेबंद लिहिणारेही असतात, म्हणून आपण ताळेबंद बंद केले का?

स्क्रीनरीडर, ठाणे
मला दिसत नाही, फोन मला वाचून दाखवतो. मजकूर आला की पूर्ण ऐकू येतो. फोटो आला की बहुतेक वेळा 'इमेज' एवढंच. माझ्या बँकेने एकदा शुल्कातला बदल फक्त चित्रातून कळवला. मला तो खात्यातून पैसे कापले गेल्यावर कळला. दुकानाच्या काचेवर काय लावायचं ते लावा, मला पाठवताना सोबत मजकूर हवाच.

मुद्रितशोधक, गिरगाव
मराठीत अडचण आणखी आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. डिझाइनचं सॉफ्टवेअर भारतीय लिप्यांसाठी नीट लावलेलं नसलं की जोडाक्षरं फुटतात, रफार उडतो, वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन लागते. 'मर्यादित'चं 'मयार्दित' झालेले फलक मुंबईभर दिसतात. तेच दराच्या पत्रकात होतं, आणि डिझाइनरला मराठी वाचता येत नसल्याने त्याच्या लक्षातही येत नाही. इंग्रजी चित्र आधी करून मराठी मजकूर त्यात कोंबायचा, हा सरसकट रिवाज आहे. आपली वाक्यं लांब होतात, मग अक्षर बारीक करतात आणि अटी वाचता येईनाशा होतात.

वसुलीवाली, लोहार चाळ
नागदेवीच्या दादांचं म्हणणं पटलं, सूट दाखवणाऱ्या तक्त्याला माझी ना नाही, तारीख घालून. ठाण्याहून लिहिणाऱ्यांसाठी आणि वादासाठीही मजकूर अनिवार्य. पण अट म्हणून ग्राह्य धरायचं ते मजकुराला, आणि चित्राखाली तसं लिहायचं. उधारी आणि कर यांवरचं माझं मत कायम आहे.

डिझाइनवाली, दादर
तिथेच माझा विरोध आहे. 'ग्राह्य मजकूर' असं एकदा लिहिलं की चित्र काढणारा निर्धास्त होतो आणि पुन्हा घड्याळ काढतो. लोक बघणार चित्रच, नागदेवीच्या दादांनी सांगितलंच आहे. म्हणून चित्रात एकही अट गाळलेली चालणार नाही, आणि ते बाहेर जाण्याआधी तुमच्यासारख्या वसुलीवाल्या माणसाची त्यावर सही हवी, मार्केटिंगवाल्याची नव्हे.