प्रोटॉन पटलातून 'पाझरतात' म्हणावं का?

अनुवादिका: दहावीच्या मुलांसाठी हायड्रोजनवर चालणाऱ्या बसची माहिती मराठीत लिहिते आहे. २०२२ मध्ये पुण्यात तशी बस दाखवली, तेव्हापासून मुलं विचारतात. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटाच्या मधल्या पटलाबद्दल मी लिहिलं, 'प्रोटॉन पटलातून पलीकडे पाझरतात.' तपासणाऱ्या बाईंनी 'पाझरतात' खोडलं. म्हणाल्या, पाझरायला छिद्र लागतं, ते द्रवाचं काम. नुसतं 'जातात' मला मोघम वाटतं. काय लिहू?

विहीरपाणी: ताई, तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे पाझर तलाव आहे, त्याला कुणी छिद्रं पाडलेली नाहीत. पाणी जमिनीत मुरतं, भेगांतून झिरपतं आणि विहिरीच्या कडेला पाझरतं. मुरलेलं आत राहतं, पाझरलेलं बाहेर दिसतं. लोणचं मुरतं, माठ पाझरतो. तुमचे प्रोटॉन पलीकडे निघतात ना? मग पाझरतातच.

प्रयोगवही: मी काही वर्षं नॅफिऑनच्या, म्हणजे अशा इंधनघटांत वापरतात त्या पॉलिमरच्या, पटलांवर काम केलं आहे, म्हणून लिहितो. कोरडा तुकडा तळहातावर ठेवला की हाताच्या ओलीनं काही क्षणांत कडा वळायला लागतात. पाणी प्यायल्याशिवाय हे पटल प्रोटॉनला वाट देत नाही. टेफ्लॉनसारख्या कण्याला सल्फोनिक आम्लाचे गट लटकलेले असतात, त्यांचा ऋण प्रभार जागचा हलत नाही. ओल मिळाली की या गटांभोवती पाणी जमून काही नॅनोमीटर रुंदीच्या वाटा तयार होतात. धन प्रोटॉनला तिथे थारा मिळतो, ऋण आयनांना मात्र बहुतांशी मागे लोटलं जातं. माठ असली निवड करत नाही. म्हणून 'पाझरणे' मलाही खटकतं.

विहीरपाणी: पण वाटा पाण्याच्याच म्हणता, मग बाईंचा 'छिद्र नाही' हा मुद्दा कुठे उरला?

प्रयोगवही: तो अर्धाच खरा. पण खरी गंमत पुढे आहे. काही प्रोटॉन पाण्याच्या रेणूच्या पाठीवर बसून जातात आणि पाणीही ओढून नेतात, त्यामुळे एक बाजू कोरडी पडू शकते. पुष्कळदा मात्र पाण्याचा रेणू एका बाजूनं प्रोटॉन घेतो आणि स्वतःजवळचा दुसराच पुढच्या रेणूला देतो. अलीकडे शिरलेला आणि पलीकडे निघालेला प्रोटॉन एकच असेल असं नाही. विजेनं पाण्याचं विघटन कसं होतं ते सांगताना ग्रोटहुस या रसायनशास्त्रज्ञानं १८०६ मध्ये अशीच साखळी कल्पिली होती, तेव्हा प्रोटॉनचा शोधही लागलेला नव्हता.

गवंडीआळी: मग 'हातोहात जातात' लिहा! स्लॅब टाकताना घमेली अशीच वर चढतात. माणूस जागेवर, घमेलं पुढे.

प्रयोगवही: घमेलं खालपासून वरपर्यंत तेच असतं हो. इथे प्रत्येक जण आपल्या हातातलं वेगळं घमेलं पुढे देतो.

वारीची_वाट: मग 'खांदेपालट' घ्या. पालखी पुढे जाते, खांदे बदलत राहतात. धन प्रभार ही पालखी. मंत्रिमंडळाच्या बातम्यांनी हा शब्द पळवला, पण मूळ अर्थ किती चपखल बसतो!

शुद्धलेखन: उपमा परिच्छेदात ठेवा, क्रियापदाला जडवू नका. आणि चर्चेत कुणीही 'बहुवारिक' शब्द वापरला नाही याचं वाईट वाटतं. पाठ्यपुस्तकात शिकवलेला शब्द आपणच वापरला नाही तर तो जगणार कसा?

गवंडीआळी: पाण्याची टाकी बसवणाराही पॉलिमर म्हणतो. मुलाला 'बहुवारिक' फक्त परीक्षेत भेटतो.

शुद्धलेखन: 'इंधनघट'ही परीक्षेतच भेटतो, तरी ताईंनी लिहिला आणि आपल्याला कळला. शब्द वापरूनच रुळतो.

वारीची_वाट: 'आयन' तरी आपला आहे. उत्तरायणातलं 'अयन' म्हणजे गती, तेच हे.

शुद्धलेखन: शब्द इंग्रजीतूनच आला. फॅरेडेनं १८३४ मध्ये तो रूढ केला, ग्रीकमध्ये अर्थ 'जाणारा'. मात्र तो ग्रीक धातू आणि आपला 'इ' धातू, ज्यापासून 'अयन' झालं, हे एकाच घराण्यातले. उसना आहे, पण नात्यातला.

विहीरपाणी: नावातच जाणं असेल तर ताईंचं 'जातात' मोघम कसं?

अनुवादिका: हा विचार मला सुचलाच नव्हता. तरी 'जातात' वाचून मुलांना प्रोटॉन मोकळ्या वाटेनं चालल्यासारखे दिसतील. सध्या 'प्रोटॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात' असं लिहिलं आहे. वाक्य लांबलं.

प्रयोगवही: लांबू दे. पण पाण्याबरोबर जाणारे त्यात सुटले, त्यांच्यासाठी आणखी एक वाक्य लागेल.

भाकरी_तवा: मला 'पटल'च खटकतंय. इतकं पातळ, ओलीनं फुगणारं, म्हणजे 'पापुद्रा' नाही का? भाकरी फुगते तेव्हा वर येतो तो.

शुद्धलेखन: पापुद्रा सुटा होतो, थराथरानं निघतो. पटल दोन बाजूंच्या मध्ये उभं असतं. पेशीच्या धड्यातलं प्रद्रव्यपटल आठवा.

भाकरी_तवा: कांद्याचा पापुद्रा सोलायच्या आधी दोन थरांच्या मध्येच असतो की!